परवानगी न घेता वाढवलेले घर विकायचे आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या शहरांत एक गोष्ट घरोघरी सापडते. वडिलांनी प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, मुलाच्या लग्नाआधी वर मजला चढवला आणि पुढे भाडेकरूसाठी बाजूच्या मोकळ्या जागेत आणखी एक खोली काढली. त्या वेळी नकाशा मंजूर करून घ्यायचे कोणाच्या मनात आले नाही. आता मुले पुण्याला स्थायिक आहेत, घर विकायचे आहे आणि ग्राहकाचा वकील मंजूर नकाशा मागतो आहे.

नकाशे मंजूर करून देण्याच्या कामामुळे असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड इथून सर्वाधिक आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय स्वतंत्र घरांचा, रोहाऊसचा आणि गावातल्या घरांचा आहे. बिल्डरच्या नव्या प्रकल्पांचा नाही. तुमच्या प्रकरणात वकिलाचे मत घ्यावेच लागेल, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे हे इथे कळेल.

१. वरचा मजला परवानगीशिवाय बांधला आहे. असे घर विकता येते का?

येते. बांधकामाचा काही भाग अनधिकृत आहे एवढ्यानेच खरेदीखत बेकायदा ठरत नाही. जमिनीची मालकी तुमची असेल तर ती तुम्ही हस्तांतरित करू शकता. पण त्या मजल्याचा धोकाही घरासोबत नव्या मालकाकडे जातो. महापालिकेची कारवाई बांधकामावर होते, मालक बदलल्याने ती थांबत नाही. त्यामुळे खरे प्रश्न तीन उरतात: ग्राहकाला काय सांगितले (प्रश्न ९), कागदावर काय लिहिले (प्रश्न १०) आणि भाव कशाचा ठरवला (प्रश्न १२).

२. नेमके काय अनधिकृत धरतात? पत्र्याचे शेड, हौद, बंद केलेली गॅलरी हेही त्यात येते का?

मंजूर नकाशात नसलेले आणि परवानगी लागणारे प्रत्येक बांधकाम त्यात येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (पुढे ‘नगररचना कायदा’) परवानगीशिवाय विकास करायला मनाई करतो. गिलावा, रंग, फरशी बदलणे, आतली दारे-खिडक्या अशा दुरुस्तीला परवानगी लागत नाही. वरचा मजला, बाजूच्या मोकळ्या जागेतली खोली, गच्चीवर भिंती उभारून केलेली खोली, बाहेरून काढलेला जिना, पुढच्या अंगणातले दुकान यांना लागते. भिंती घालून खोलीत घेतलेली गॅलरीही यातच येते.

पत्र्याच्या शेडबाबत गैरसमज खूप आहे. ‘पत्रे आहेत, स्लॅब नाही’ म्हणून परवानगी नको असे नसते. कायम उभे राहणारे आणि वापरात असलेले शेड मोजणीत धरले जाते. पाणीटंचाईमुळे आपल्याकडे घरोघरी अंगणात हौद असतो. जमिनीखालच्या हौदावरून सहसा वाद होत नाही. हौदावर स्लॅब टाकून तिथे खोली किंवा दुकान काढले असेल, तर वाद त्या खोलीचा असतो.

३. वाढीव मजल्याची महापालिकेत नोंद आहे, कर भरतो, महावितरणचे वेगळे मीटर आहे. मग ते अधिकृतच झाले ना?

नाही. सर्वाधिक लोक इथेच फसतात, म्हणून स्पष्ट लिहितो. करआकारणी म्हणजे त्या जागेचा वापर होतो आहे याची नोंद, बांधकामाला दिलेली मान्यता नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर दरवर्षी शास्ती (दंड) आकारण्याची तरतूद आहे. शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कलमात म्हटले आहे. तुमच्या कराच्या बिलावर ‘शास्ती’ असा रकाना भरलेला असेल तर महापालिकेच्या दप्तरी तो भाग अनधिकृत म्हणूनच लागलेला आहे. ग्राहकाचा वकील बिलात सर्वांत आधी हा रकाना पाहतो.

करपावत्यांचा उपयोग मात्र आहे. बांधकाम कोणत्या वर्षी झाले हे त्यातून सिद्ध होते आणि नियमितीकरणात त्या तारखेला महत्त्व असते (प्रश्न ५ आणि ६).

४. पंचवीस वर्षे झाली, कोणी काही म्हटले नाही. आता काय होणार?

कदाचित पुढेही काही होणार नाही. पण काळ लोटला म्हणून हक्क तयार होत नाही. मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी हेच सांगितले: बांधकाम जुने आहे, प्रशासनाने इतकी वर्षे दुर्लक्ष केले किंवा त्यावर बराच पैसा खर्च झाला, या कारणांवर अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही. त्याच निकालात बँकांना भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला मिळालेल्या दाखल्याची) खातरजमा करूनच इमारतीवर कर्ज द्यायला सांगितले आहे. ग्राहकांचे वकील अचानक कडक का झाले असा प्रश्न पडला असेल, तर त्याचे एक कारण हा निकाल आहे.

५. वाढीव बांधकाम नियमित करून घेता येईल का? खर्च किती येतो?

बऱ्याच घरांत येते आणि लोकांना वाटते त्याहून जास्त घरांत येते. घर विकायला काढण्याआधी हा प्रयत्न करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. दाट वस्तीच्या जुन्या भागाबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) साधारण १.१ आहे आणि निवासी बांधकामाला अधिमूल्य (जादा शुल्क) भरून त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय मिळतो. उदाहरण म्हणून ३० बाय ४० चा, म्हणजे १२०० चौरस फुटांचा प्लॉट घेऊ. मूळ एफएसआयने १३२० चौरस फूट होतात. त्यावर ६० टक्के म्हणजे ७९२. एकूण २११२. तळमजला ८५०, पहिला ८५० आणि गच्चीवरची खोली ३५० असे २०५० चौरस फूट बांधकाम असेल तर एफएसआयच्या हिशोबात ते बसते. जुन्या नियमांत न बसलेले घर आजच्या नियमांत बसते, असे यामुळे घडते.

अडचण बहुतेक वेळा एफएसआयची नसते, समासाची असते. समोर, मागे आणि बाजूला सोडायची मोकळी जागा बांधून टाकलेली असेल तर शुल्क भरूनही तो भाग सहसा मान्य होत नाही. जिन्याखाली शौचालय काढले, बाजूच्या तीन फुटांत स्वयंपाकघर काढले, अशी घरे इथे अडतात. अशा वेळी अर्धवट तोडगा उपयोगी पडतो: समासातला भाग काढून टाका आणि वरचा मजला नियमित करून घ्या.

परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारद आधी आहे त्या बांधकामाचा मोजमाप नकाशा काढतो, त्यावर नियमात बसणारा व न बसणारा भाग दाखवतो आणि प्रस्ताव ऑनलाइन दाखल करतो. खर्चात विकास शुल्क, अधिमूल्य, प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठीचे शुल्क) किंवा दंड आणि अभियंत्याची फी येते. यातले मोठे आकडे तुमच्या भागाच्या रेडी रेकनर (सरकारने ठरवलेल्या) दरावर ठरतात. त्यामुळे लातूरच्या शेजाऱ्याला आलेला खर्च संभाजीनगरात लागू होणार नाही. प्रस्ताव दाखल करण्याआधी अभियंत्याकडून शुल्काचा अंदाज लेखी घ्या.

नगररचना कायद्यात २०१७ साली कलम ५२-क आले. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत झालेली काही अनधिकृत बांधकामे प्रशमन शुल्क घेऊन कायम करण्याची सोय त्यात होती. त्या वेळी घरातल्या कोणी अर्ज केला असेल, पैसे भरले असतील तर तो कागद शोधा. पावती आणि अंतिम प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाला प्रमाणपत्र लागते.

६. आमचे घर गुंठेवारीत आहे. प्लॉट बाँडवर घेतलेला आहे. आमचे काय?

संभाजीनगरच्या पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, सातारा-देवळाई, मिसारवाडी, नारेगाव या भागांतून हा प्रश्न इतका येतो की त्यावर वेगळे पान करावे लागेल. थोडक्यात सांगतो.

गुंठेवारीत दोन दोष एकावर एक असतात. पहिला लेआउटचा: शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडलेले. दुसरा बांधकामाचा. दोन्हीसाठी २००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम आहे. त्याची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. त्या तारखेआधीचे बांधकाम असेल, जागा आरक्षणात, नाल्यात किंवा सरकारी जमिनीवर नसेल तर महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे प्रस्ताव देता येतो. इथे जुन्या करपावत्या, वीजबिले, मतदारयादीतला पत्ता हे सगळे कामाला येते.

आता बाँड. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या प्लॉटची मालकी कायद्याने तुमच्याकडे आलेली नसते. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. गुंठेवारी प्रमाणपत्राने बांधकाम आणि भूखंड नियमित होतो, मालकीतला दोष भरून निघत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: ज्याच्याकडून बाँड झाला तो मूळ मालक किंवा त्याचे वारस गाठा आणि त्यांच्याकडून नोंदणीकृत खरेदीखत करून घेता येते का ते पाहा. मधल्या काळात तुकडेबंदीचे (जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचे) नियम बरेच सैल झाले आहेत, पूर्वी नोंदवून न घेतलेला दस्त आज नोंदवला जाऊ शकतो; दुय्यम निबंधकांकडे सध्याची स्थिती विचारा. ‘बाँडवरून बाँड’ करून पुढच्या माणसाला घर देऊ नका. त्याने आयुष्याची कमाई घातलेली असते आणि त्याच्या हाती फक्त नोटरीचा शिक्का पडतो.

७. सिडकोचे रोहाऊस आहे. मागे-पुढे वाढवले आहे. इथे वेगळे काही आहे का?

आहे. सिडकोची बहुतेक घरे भाडेपट्ट्याची, म्हणजे जमीन सिडकोची आणि हक्क तुमचा मुदतीचा. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. संभाजीनगरची सिडको वसाहत २००६ मध्ये महापालिकेकडे गेली, त्यामुळे बांधकामाचा प्रश्न महापालिकेकडे आणि भाडेपट्ट्याचा सिडकोकडे, अशा दोन दारांवर जावे लागते. वाढीव बांधकाम हा भाडेपट्ट्याच्या अटींचा भंगही ठरू शकतो. ना-हरकतीचा अर्ज इसार घेण्याच्या आधी करा. लोक नेमके उलटे करतात आणि सौद्याची मुदत टळते.

८. घर गावात आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, नकाशा वगैरे कधी नव्हता. आणि जमिनीवर ‘इनाम’ लिहिलेले आहे, त्याचे काय?

नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवानाही नाही. गावठाणातल्या जुन्या घराला मंजूर नकाशा नसणे नेहमीचेच आहे आणि ग्राहकही ते समजून घेतो. तिथे मालकीची साखळी आणि चतुःसीमा जास्त महत्त्वाच्या. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर ती घ्या आणि वाढवलेली खोली तुमच्याच हद्दीत दाखवली आहे का ते पाहा. गावठाणाबाहेर शेतात किंवा हायवेला लागून बांधले असेल तर मात्र अकृषिक वापर आणि नगररचनेची परवानगी हे दोन्ही प्रश्न उभे राहतात.

इनामाचा मुद्दा आपल्या भागाचा खास आहे, कारण १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. सातबाऱ्यावर वर्ग-२ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन), इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेले इनाम), खिदमतमाश किंवा वक्फ असा शेरा असेल तर बांधकामाचा विचार नंतर करा. आधी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढा आणि मराठवाड्यातल्या महसुली कामाचा अनुभव असलेल्या वकिलाला दाखवा. जुने दस्त उर्दूत किंवा मोडीत असतील तर त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घ्या. मदतमाश जमिनींचे नियम शासनाने अलीकडे शिथिल केले आहेत. देवस्थानच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश आणि वक्फची जमीन यांना तीच सवलत आहे असे धरून चालू नका.

९. दलाल म्हणतो, ग्राहकाने विचारले नाही तर सांगायचे नाही. खरे आहे का?

चूक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि ग्राहकाला नेहमीची काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. असा दोष जाणूनबुजून लपवला तर ती फसवणूक ठरते. ‘वरचा मजला डोळ्यांना दिसतो, मग लपवला कुठे?’ असा बचाव ऐकायला मिळतो. मजला दिसतो हे खरे, पण तो नकाशात नाही हे दिसत नाही. महापालिकेची नोटीस तर अजिबात दिसत नाही.

दलालाचा हिशोब सौदा होईपर्यंतचा असतो. तुमचे नाव त्या दस्तावर कायम राहते आणि फसवणूक उघडकीस आल्यापासून दाव्याची मुदत सुरू होते. म्हणजे विक्रीनंतर सहा वर्षांनी नोटीस निघाली तरी तुम्हाला न्यायालयात खेचता येते. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. दोष सांगितलेल्या सौद्यात विक्रेता रात्री शांत झोपतो, एवढे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

सांगायचे ते तोंडी नको. व्हॉट्सअॅपवर मोजमाप नकाशा पाठवा, त्याखाली दोन ओळी लिहा आणि तो संवाद जपून ठेवा.

१०. खरेदीखतात हे कसे लिहायचे?

मंजूर आणि परवानगी नसलेले क्षेत्र वेगवेगळे लिहा. आमच्याकडे चालणारी भाषा साधारण अशी:

‘सदर मिळकतीवरील तळमजल्याचे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे. पहिल्या मजल्यावरील बांधकामास सक्षम प्राधिकरणाची परवानगी घेतलेली नाही. ही बाब लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस खरेदीपूर्वी सांगितली असून सोबतच्या मोजमाप नकाशात तो भाग लाल रेषेने दाखवला आहे. आजपर्यंत त्याबाबत कोणतीही नोटीस प्राप्त झालेली नाही.’

शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिहा. मंजूर नकाशा आणि क्षेत्र यांचे आकडे तुमच्या घराप्रमाणे घाला, नकाशावर दोघांच्या सह्या घ्या आणि तो दस्ताला जोडा. ‘मिळकत आहे त्या स्थितीत दिली’ एवढ्या एका ओळीवर विसंबू नका, कारण लपवलेला दोष त्या ओळीने झाकला जात नाही.

काही जण मुद्रांक शुल्क वाचवायला वरचा मजला दस्तात दाखवतच नाहीत. किमतीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट दस्तात लिहावी लागते, अनधिकृत मजलासुद्धा. पुढे उघड झाले तर कमी भरलेले शुल्क आणि दंड वसूल होतो. शिवाय ग्राहकाकडे त्या मजल्याचा एकही कागद राहत नाही. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का आणि कमाल ३०,००० रुपये असते, त्यामुळे तिथे वाचण्यासारखे फारसे नसते.

११. ग्राहकाला बँकेचे कर्ज मिळेल का?

मंजूर भागावर मिळू शकते. बँकेचा व्हॅल्युअर घर पाहून जातो, नकाशा ताडतो आणि बहुतेक वेळा अनधिकृत भागाचे मूल्य शून्य धरतो. तफावत मोठी असेल तर बँक प्रकरण परतही करते. समजा सौदा ६० लाखांचा आणि त्यात मजल्याचे १८ लाख. मग बँक ४२ लाखांच्या आधाराने कर्जाचा विचार करेल आणि उरलेली रक्कम ग्राहकाला स्वतः उभी करावी लागेल. सौद्याआधी त्याला हे माहीत असेल तर तो तयारी करतो. इसार दिल्यावर कळले तर सौदा मोडतो.

१२. भाव किती कमी करावा?

ठरावीक टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हिशोब असा मांडा: जमिनीची किंमत पूर्ण, मंजूर बांधकामाची किंमत घसारा वजा करून, आणि नियमित होऊ शकणाऱ्या भागाची किंमत नियमितीकरणाचा अंदाजित खर्च वजा करून. नियमात न बसणाऱ्या भागाला काहीच किंमत धरू नका, उलट तो पाडण्याचा खर्च वजा करा. जुन्या वस्तीत घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचाच असतो. त्यामुळे प्रामाणिक हिशोबाने विक्रेत्याचे नुकसान तो धास्तावतो तेवढे सहसा होत नाही.

१३. इसार घेतला आहे. आता ग्राहकाच्या वकिलाने दोष काढला आणि तो पैसे परत मागतो आहे.

सौदाचिठ्ठीत हा दोष लिहिला नसेल तर इसार जप्त करायच्या भरीला पडू नका, ते न्यायालयात टिकणे अवघड आहे. मुदत वाढवून नियमितीकरणाचा प्रस्ताव दाखल करणे किंवा भाव नव्याने ठरवणे हे दोन मार्ग आधी समोर ठेवा. दोन्ही जमत नसतील तर पैसे परत करून रद्दपत्र करून घ्या. साठेखत (विक्रीआधीचा करार) नोंदणीकृत असेल तर रद्दपत्रही नोंदणीकृतच हवे, नाहीतर पुढच्या ग्राहकाच्या सर्च रिपोर्टमध्ये जुना सौदा जिवंत दिसतो. आणि इसार रोखीत घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे.

१४. नोटीस आलेली आहे. तरी विकता येईल का?

नोटीस दाखवून विकता येते, लपवून नाही. पण आधी नोटिशीचे उत्तर द्या. नगररचना कायद्याच्या कलम ५३ खालची नोटीस असेल तर तिच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. ही मुदत हातची जाऊ देऊ नका. विनापरवाना विकास हा गुन्हाही आहे, त्याला कैदेची तरतूद आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी बंधनकारक केली. मात्र सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची हद्द किंवा नदी-जलाशयातल्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही.

१५. पुढचा भाग विकास योजनेच्या रस्त्यात येतो. तो नियमित होईल का?

नाही. रस्त्याच्या रेषेतले, नाल्यातले किंवा आरक्षणातले बांधकाम प्रश्न ५ मधल्या मार्गाने सुटत नाही. संभाजीनगरमध्ये २०२५ मध्ये मुख्य रस्त्यांवर जी पाडापाडी झाली, त्यानंतर तर ग्राहक हा प्रश्न स्वतःच विचारतात. विक्रीआधी नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्या. रस्त्यात जाणारे क्षेत्र दस्तात वेगळे लिहा, कारण त्या जमिनीचा मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) पुढे कोण घेणार हे ठरवावे लागते. हे न लिहिल्यामुळे विक्रेता आणि ग्राहक दोघे एकाच मोबदल्यावर हक्क सांगतात.

वाढीव भाग शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये फूटभर गेला असेल तर हद्दीचा तो वाद महापालिका मिटवू शकत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि शेजाऱ्याशी नोंदणीकृत दस्ताने मिटवा.

१६. नियमित होणार नसेल तर पाडून विकणे बरे का?

समासातली खोली किंवा शेड असेल तर बहुतेक वेळा होय. खर्च थोडा, आणि उरलेल्या घराला नकाशाप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र मिळण्याची वाट मोकळी होते.

मजल्याच्या बाबतीत आधी मजबुती पाहा. दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर, कधी माळवद (लाकूड-मातीचे सपाट छत) काढून, स्लॅबचा मजला चढवलेली घरे आपल्या गावांत आणि जुन्या पेठांत पुष्कळ आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत माणसे मेली ती प्रामुख्याने जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावरचे माळवदाचे वजन कोसळून. २०२४ मध्येही हिंगोली-नांदेडच्या पट्ट्याला धक्के बसले. अशा भिंतींवर मजला असेल तर स्ट्रक्चरल अभियंत्याचा अहवाल घेतल्याशिवाय ते घर राहायचे म्हणून कोणाला विकू नये. अहवाल वाईट आला तर मजला उतरवा किंवा घर जमिनीच्या भावाने द्या. इथे भावाची घासाघीस मागे ठेवावी, त्या छताखाली कोणाची तरी मुले झोपणार आहेत.

१७. फक्त अनधिकृत मजलाच वेगळा विकता येईल का?

हा सौदा करू नका. मजला वेगळा विकायचा तर जमिनीतला अविभक्त हिस्सा द्यावा लागतो, मंजूर नकाशा लागतो आणि महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालचे घोषणापत्र लागते. हे नसताना ग्राहकाने पैसे दिले तर तो मजला पाडल्यावर त्याच्याकडे काहीच उरत नाही. तुमच्याही घरावर कायमचा वाद बसतो.

१८. विक्रीवर आयकर कसा लागतो? मजल्याचा खर्च वजा होतो का?

घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला १२.५ टक्के (महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत न वाढवता) किंवा २० टक्के (ती वाढवून) यांतला कमी पडणारा कर निवडता येतो. मजला बांधण्याचा खर्च सुधारणेचा खर्च म्हणून मागायचा तर बिले, बँकेच्या नोंदी किंवा मूल्यांकन अहवाल लागेल. सिमेंट-सळईची जुनी बिले फेकली असतील तर सनदी लेखापालाला आधीच सांगा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर ग्राहक १ टक्का टीडीएस कापून भरतो.

१९. घर वडिलांच्या नावावर. ते वारले. वरचा मजला धाकट्या भावाने स्वतःच्या पैशाने बांधला. पैसे कसे वाटायचे?

घराघरांत सर्वांत कटू होणारा प्रश्न हाच आहे. जमीन वडिलांची असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगे आणि मुली सगळे सारखे वारस आहेत. बहिणींना ‘हक्कसोड करून टाक’ असे गृहीत धरून सौदा करू नका. त्यांची सही नसेल तर ग्राहकाच्या हाती अपुरा हक्क जातो.

मजल्यासाठी धाकट्याने घातलेले पैसे हा भावाभावांतला हिशोब आहे. त्या मजल्यावर त्याची वेगळी मालकी होत नाही, आणि मजलाच नकाशात नसल्याने ग्राहक त्याची पूर्ण किंमतही देणार नाही. मग त्याला झालेला खर्च द्यायचा की आज त्या मजल्याला मिळणारा भाव, असा पेच पडतो. माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे: प्रश्न १२ प्रमाणे मजल्याचा जो भाव निघेल तो धाकट्याचा, नियमितीकरणाचा किंवा पाडण्याचा खर्चही त्याच्याच वाट्यातून, आणि उरलेली रक्कम सगळ्यांत समान. हे कुटुंबात लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठरवा आणि ते इसार घेण्याआधी करा. ग्राहकाला प्रत्येक वारसाच्या नावे स्वतंत्र धनादेश द्यायला सांगा.